गाडी दारात, बातमी घरात, शेअर बाजारात

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दाजी आमच्याकडे आले ते हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊनच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीतल्या एका कारखान्यात मोटारींच्या क्लचचे भाग तयार करण्यात त्यांची तेहतीस वर्षं गेली. नुकतेच निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, त्यातून घराचं उरलंसुरलं कर्ज फेडलं आणि हातात बारा लाख रुपये राहिले. भाचीच्या एम.टेक.ची अजून तीन सेमिस्टर्स बाकी आहेत. तिची फी यातूनच जायची आहे.

चहा येईपर्यंतही दाजींना धीर नव्हता. फाइलीतून त्यांनी वर्तमानपत्रांची कात्रणं काढून टीपॉयवर पत्त्यांसारखी मांडली. विजेच्या गाड्यांची विक्री कशी वाढते आहे, कोणती कंपनी कुठे कारखाना काढते आहे, कुणाच्या शेअरने किती उडी मारली. महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या होत्या. "सगळे पैसे यातच टाकावे म्हणतोय," ते म्हणाले. "तुमची गाडी मी चार वर्षं बघतोय. खोट काढायला जागा नाही. गाडी इतकी चांगली, म्हणजे कंपनी वाढणारच ना?"

प्रश्न सरळ होता. कुणालाही पटेल असाच. मी मात्र लगेच 'हो' म्हणू शकलो नाही, कारण चार वर्षांपूर्वी हाच हिशेब मी स्वतः केला होता.

आमची विजेची मोटार २०२१च्या अखेरीस घेतली. ती कोणत्या कंपनीची, हे इथे सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते गाडीवरच्या रागातून किंवा लोभातून आलं आहे, असं कुणाला वाटायला नको. गाडी घेणं सोपं गेलं, ती चार्ज करायची सोय करणं अवघड. मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगपर्यंत अंतर बावन्न फूट. या बावन्न फुटांच्या वायरीसाठी सोसायटीच्या तीन सभा झाल्या. "रात्री स्फोट झाला तर जबाबदार कोण?" असं एका सभासदांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये जळत्या गाडीची चित्रफीत. शेवटी वेगळं मीटर, वेगळा एमसीबी आणि स्टॅम्पपेपरवर हमीपत्र एवढ्यावर तडजोड झाली. आज त्याच सभासदांचा मुलगा विजेची स्कूटर माझ्या शेजारी लावतो.

पैशांचा हिशेब विचाराल तर घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये पडतात. आधीच्या पेट्रोलच्या गाडीला सात पडत. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. दाजी पहिल्यांदा गाडी बघायला आले, तेव्हा त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. "म्हणजे आमचा माल यात कुठंच नाही," एवढंच म्हणाले, आणि हसले. ते हसणं मला नीटसं कळलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. एका चार्जिंगवर गाडी किती जाते, हा ईव्ही मालकाला जावई विचारल्यासारखा सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न. त्याचं खरं उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' असं आहे आणि ते ऐकायला कुणाला आवडत नाही. पुणेकरांना एआरएआयची टेकडी सकाळच्या फिरण्यासाठी माहीत आहे. त्याच टेकडीवरच्या संस्थेत गाड्यांची तपासणी होते. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे ती जागच्या जागी पळवतात. तिथे कात्रजचा घाट नसतो, मे महिन्यातलं नगर रोडवरचं ऊन नसतं, मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नसतात. आकडा खोटा नसतो. सगळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी तो काढलेला असतो. मात्र जाहिरातीत तोच आकडा मोठ्या टायपात येतो आणि आपण तो वचन म्हणून वाचतो.

टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये बाजारात आली, तेव्हा तिचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर आपल्याला एवढं अंतर मिळत नाही, अशी दिल्लीतल्या एका ग्राहकाने तक्रार केली आणि मार्च २०२१मध्ये दिल्ली सरकारने या गाडीवरचं अनुदान थांबवलं. कंपनी उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. बातम्यांत त्या दिवसांत कुणाला गाडी फसवी दिसत होती, कुणाला सरकार मनमानी. रोलरवरचं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर यांत फरक का पडतो, हे चार ओळींत समजावून सांगणं मात्र राहून गेलं.

याहून गाजलेला किस्सा अमेरिकेतला. फेब्रुवारी २०१३मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बातमीदार जॉन ब्रॉडर टेस्लाची मॉडेल एस घेऊन वॉशिंग्टनहून उत्तरेकडे निघाले. कडाक्याची थंडी होती. गाडीची बॅटरी वाटेत संपली आणि शेवटी ती ट्रकवर चढवावी लागली. तसं छायाचित्रही छापून आलं. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क खवळले. त्यांनी गाडीतल्या यंत्रणेने नोंदवलेला वेग, तापमान, चार्जिंगचा वेळ, सगळा तपशील जगापुढे ठेवला आणि हा लेख बनाव आहे असा आरोप केला. वाचकांच्या वतीने वर्तमानपत्रावर नजर ठेवणाऱ्या त्याच दैनिकातल्या संपादक मार्गारेट सलिव्हन यांनी चौकशी केली. बातमीदाराच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण नोंदी ठेवण्यात आणि निर्णय घेण्यात तो कमी पडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. या लेखामुळे कंपनीच्या मूल्याला दहा कोटी डॉलरपर्यंत फटका बसला असावा, असं मस्क यांचं म्हणणं. गंमत पुढेच आहे. त्याच २०१३ सालात टेस्लाचा शेअर चौपटीहून अधिक वाढला. ज्याने तो लेख वाचून शेअर विकला असेल, त्याने वर्षाच्या शेवटी कपाळावर हात मारला असेल. आणि ज्याने तो वाचून हिवाळ्यात लांबच्या प्रवासाला जायचं टाळलं असेल, त्याचं काहीच चुकलं नाही! लेख एकच.

दाजींच्या कात्रणांकडे बघताना मला हे आठवत होतं. बातमी वाचणारे आपण एकाच वेळी तीन जण असतो. एक गाडीचा मालक किंवा होऊ घातलेला मालक. दुसरा, नुसतं कुतूहल असलेला वाचक. तिसरा, चार पैसे कुठे लावावेत या विवंचनेतला गृहस्थ. फेब्रुवारी २०२४मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीच्या किमती १ लाख २० हजार रुपयांपर्यंत उतरवल्या. बॅटरीचा खर्च कमी झाला, त्याचा फायदा ग्राहकाला देतो आहोत, असं कारण कंपनीने दिलं. नव्या गिऱ्हाइकाला ही आनंदाची बातमी. ज्याने महिन्यापूर्वी गाडी घेतली, त्याच्या पोटात खड्डा, कारण त्याच्या गाडीची जुन्या बाजारातली किंमत एका रात्रीत खाली आली. आणि भागधारकाला? विक्री वाढून नफा वाढेल, की प्रत्येक गाडीमागचा नफाच कमी होईल, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

गाड्यांवरचा मजकूर तयार कसा होतो, हेही वाचकाने ध्यानात ठेवायला हवं. नवी गाडी आली की कंपनी बातमीदारांना बोलावते. चांगलं हॉटेल, मोकळा रस्ता, पूर्ण चार्ज केलेली गाडी, दोन दिवस. लिहिणारा प्रामाणिक असतो, पण दोन दिवसांत त्याला कळतं ते सीट कशी आहे, गाडी कशी झेपावते आणि वळणावर कशी बसते. तिसऱ्या वर्षी सर्व्हिस सेंटरमध्ये सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे त्याला कसं कळणार? ते कळेपर्यंत तो पुढच्या गाडीवर लिहीत असतो. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर त्याच गाडीची पानभर जाहिरात असते, हेही डोळ्यांआड करता येत नाही.

कौतुकासारखाच आगीचा. मार्च २०१०मध्ये मुंबईत एक कोरी करकरीत नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली, तेव्हा ते छायाचित्र जगभर गेलं. जून २०२२मध्ये वसईत एका नेक्सॉन ईव्हीला आग लागली, ती चित्रफीत तर आमच्या सोसायटीच्या सभेपर्यंत पोचली. वर सांगितलेल्या सभासदांनी ती पुढे कित्येक दिवस जपून ठेवली होती. तोवर आपल्या तीस हजारांहून अधिक विजेच्या गाड्या मिळून दहा कोटी किलोमीटर धावल्या आणि त्यातली ही पहिलीच घटना, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. हे वाक्य किती जणांच्या लक्षात राहिलं? आग डोळ्यांनी दिसते, दहा कोटी किलोमीटर दिसत नाहीत. कंपनीचा आकडा कंपनीनेच दिलेला, म्हणून तोही पारखून घ्यावा हे खरं. पण पेट्रोलची गाडी हायवेवर पेटली तर ती आतल्या पानावर तीन ओळींत संपते, हेही खरंच.

आणि नॅनो! १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती जगापुढे आणली, त्या दिवसाचं कौतुक ज्यांनी वाचलं त्यांना ते आठवत असेल. लाखाची गाडी. परदेशी वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. स्कूटरवर चौघं जाणाऱ्या कुटुंबांचं चित्र प्रत्येकाच्या मनात होतं, माझ्याही. सिंगूरचं आंदोलन झालं, कारखाना साणंदला गेला, २००९मध्ये दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या. आणि जून २०१८च्या संपूर्ण महिन्यात तयार झाली एक नॅनो. एक. एवढ्या प्रसिद्धीच्या वाट्याला आलेल्या गाडीचा असा शेवट मी तरी दुसरा बघितलेला नाही. 'सर्वांत स्वस्त' हा शब्दच तिला भोवला, असं नंतर म्हटलं गेलं. बातम्यांनी जे गुणगान केलं, तेच गिऱ्हाइकाला लाजिरवाणं वाटलं.

खंडाळ्याचा घाट विजेच्या गाडीतून चढण्यात आणि उतरण्यात एक मौज आहे. खोपोलीहून वर येताना नुसती पाचशे मीटर उंची गाठायला अडीचेक युनिट वीज खर्ची पडते. तीस युनिटच्या बॅटरीत ती चांगलीच जाणवते. उतरताना उलट. ब्रेकवर जाणारी शक्ती मोटर परत विजेत बदलते आणि बॅटरीचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी चक्क वाढतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सौ.ला वाटलं, गाडीत बिघाड झाला. पण घाट उतरताना दिसणारा आकडा धरून पुढच्या प्रवासाचा हिशेब करणारा माणूस पनवेलला पोचता पोचता शहाणा होतो.

अमेरिकेत एका कंपनीने उताराचाच उपयोग करून घेतला. 'निकोला' नावाची ही कंपनी बॅटरीवर आणि हायड्रोजनवर चालणारे ट्रक काढणार होती. जानेवारी २०१८मध्ये तिने रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रकची चित्रफीत दाखवली. पुढे उघड झालं ते असं, की ट्रक स्वतःच्या बळावर चालतच नव्हता. तो उतारावरून सोडून दिलेला होता. हे बाहेर येण्याआधी, जून २०२०मध्ये, शेअर बाजाराने या कंपनीची किंमत फोर्डपेक्षाही जास्त लावली होती. फोर्ड, जी शंभरावर वर्षं मोटारी विकते आहे. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन २०२२मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरले, फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी मिल्टन यांना माफी दिली. ज्यांचे पैसे बुडाले त्यांना माफीचा काय उपयोग, ते त्यांनाच ठाऊक.

अर्थात निकोलाची गोष्ट फसवणुकीची. दाजींचा प्रश्न त्याहून कठीण होता. गाडी खरोखर चांगली, कंपनी खरोखर मोठी, माणसं प्रामाणिक. मग शेअर घ्यायला काय हरकत? यासाठी पिंपरीचीच गोष्ट बघावी लागते. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली.

टेल्कोने इंडिका आणली ती डिसेंबर १९९८मध्ये. आमच्या भागात तेव्हा सणाचं वातावरण होतं. घरटी कुणी ना कुणी टेल्कोत किंवा टेल्कोला माल पुरवणाऱ्या कारखान्यात. देशभरात लाखाहून अधिक लोकांनी पूर्ण पैसे आगाऊ भरून गाडी नोंदवली. सुरुवातीच्या तक्रारी दूर करून सुधारलेली इंडिकाही आली, लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. आणि २०००-०१ या वर्षी कंपनीला पाचशे कोटींचा तोटा झाला. ट्रकचा धंदा मंदीत सापडला होता. गाडीवर केलेला खर्च भरून यायचा होता. रस्त्यावर इंडिकाच इंडिका दिसत होत्या, त्या बघून कुणी शेअर घेतला असता तर त्याला घाम फुटला असता.

पुढे टेल्कोची टाटा मोटर्स झाली आणि २००८मध्ये तिने २३० कोटी डॉलर मोजून फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. इथून पुढे या शेअरचं नशीब पिंपरीत कमी आणि इंग्लंडमध्ये, चीनमध्ये, अमेरिकेत जास्त ठरू लागलं. आकडे बोलके आहेत. २०१५च्या सुरुवातीला हा शेअर सहाशे रुपयांच्या घरात होता. त्यानंतरच्या पाच वर्षांत कंपनीच्या इथल्या गाड्या सुधारतच गेल्या. २०१६मध्ये टियागो आली, २०१७मध्ये नेक्सॉन. डिसेंबर २०१८मध्ये 'ग्लोबल एनकॅप'च्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी नेक्सॉन ही भारतात तयार झालेली पहिली गाडी ठरली. पुण्यात तर पाच ताऱ्यांची चर्चा लग्नाच्या पंगतीतही चाले. आणि शेअर? तो याच काळात खाली खाली गेला. चीनमधली जग्वार-लँड रोव्हरची विक्री घसरली, डिझेलविरुद्ध हवा फिरली, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये कंपनीने एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटींचा तोटा जाहीर केला. जानेवारी २०२०मध्ये नेक्सॉन ईव्हीचं कौतुक झालं. मार्च २०२०मध्ये, करोनाच्या धसक्यात, शेअर पासष्ट रुपयांच्या आसपास होता. सहाशेचे पासष्ट! गाड्या चांगल्या होत असताना.

मग वारं फिरलं. ऑक्टोबर २०२१मध्ये टीपीजी राइज क्लायमेट या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने टाटांच्या विजेच्या गाड्यांच्या व्यवसायात साडेसात हजार कोटी रुपये घालायचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, टाटा मोटर्सचा शेअर एका दिवसात वीस टक्क्यांनी चढला. म्हणजे येणार होते साडेसात हजार कोटी, आणि बाजाराने एका दिवसात कंपनीची किंमत वाढवली ती पंचवीस हजार कोटींहून अधिक. त्या सुमारास महिन्याला टाटांच्या विजेच्या गाड्या विकल्या जात होत्या हजार-अकराशे. बाजार वेडा झाला होता असं मी म्हणणार नाही. तो दहा वर्षांनंतरच्या विक्रीची किंमत आज लावत होता. पण ती किंमत आज मोजणाऱ्याने दहा वर्षं थांबायचीही तयारी ठेवायला हवी होती.

शेअर पुढे जुलै २०२४मध्ये पावणेबाराशेच्या वर गेला. या चढाला विजेच्या गाड्यांपेक्षा रेंज रोव्हर आणि डिफेंडरच्या विक्रीने अधिक हात दिला, कारण कंपनीच्या उलाढालीतला दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा जग्वार-लँड रोव्हरचा होता. 'विजेच्या गाड्यांचं भविष्य' म्हणून ज्यांनी हा शेअर घेतला, त्यांनी खरं म्हणजे लंडनच्या श्रीमंतांच्या गाड्यांत पैसे घातले होते. म्हणूनच २०२५मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर कर बसवला आणि सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार-लँड रोव्हरचे कारखाने पाचेक आठवडे ठप्प झाले, तेव्हा निगडीतल्या भागधारकाची झोप उडाली. त्याच्या दारातली गाडी मात्र सकाळी नेहमीसारखी चालू झाली.

१४ ऑक्टोबर २०२५ची सकाळ तर आमच्या सोसायटीत लक्षात राहण्यासारखी. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका घामाघूम होऊन खाली आले. मोबाइलवर टाटा मोटर्स चाळीस टक्के खाली दिसत होता, आदल्या दिवशीच्या सहाशे साठच्या जागी चारशे. झालं होतं एवढंच, की कंपनीची दोन भागांत वाटणी झाली होती. ट्रक-बसचा धंदा वेगळा निघाला आणि त्याचा प्रत्येक शेअरमागे एक शेअर वेगळा मिळणार होता. तो बाजारात यायला १२ नोव्हेंबर उजाडला. तोवर मोबाइलला अर्धंच ताट दिसत होतं. काही ठिकाणी 'शेअर कोसळला' अशा मथळ्याखाली हे आलं आणि खुलासा आत सहाव्या ओळीत. आणखी एक गंमत अशी, की 'टाटा मोटर्स' हे नाव आता ट्रक-बसच्या कंपनीकडे गेलं आहे. मोटारी आणि जग्वार-लँड रोव्हर आहेत त्या 'टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेईकल्स'कडे. नाव बघून शेअर घेणाऱ्याने जरा जपून.

स्पर्धेचंही तसंच. २०२३पर्यंत देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा विजेच्या मोटारींपैकी सातेक टाटांच्या होत्या. सप्टेंबर २०२४मध्ये एमजीची विंडसर आली, २०२५मध्ये चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई रस्त्यावर आल्या, आणि टाटांचा वाटा दहातल्या चारांच्या घरात उतरला. जुलै २०२५मध्ये टेस्लानेही मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान थाटलं, साठ लाखांच्या गाडीपुढे फोटो काढून घ्यायला गर्दी झाली. खुद्द टेस्लाची जगातली विक्री २०२४मध्ये प्रथमच वर्षभरात घटली होती, पण त्या दिवशीच्या मुंबईच्या बातम्यांत त्याला कितीशी जागा मिळणार? गाडी घेणाऱ्याची या चढाओढीत चंगळ आहे. बॅटरीची हमी वाढते, किंमत उतरते. जी कंपनी हे सगळं देते, तिच्या भागधारकाच्या खिशातून त्यातलं काहीतरी जात असतं.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. मग माझंही सांगितलं, जे तोवर घरात फक्त सौ.ला ठाऊक होतं. नवी गाडी दारात येणार या उत्साहात, २०२१च्या लक्ष्मीपूजनाला, मुहूर्ताच्या सौद्यात मी एका मोटार कंपनीचे लाखभराचे शेअर घेतले. ताळेबंद उघडून बघितला नव्हता. टेस्ट ड्राइव्हला गाडी आवाज न करता निघाली, एवढाच माझा अभ्यास. सात-आठ महिन्यांत लाखाचे सत्तर हजार झाले. रोज सकाळी गाडीत बसताना मला तिचा राग येऊ लागला. तिचा बिचारीचा काय दोष? ती आपली नीट चालत होती. लाख पुन्हा लाख झाले त्या दिवशी मी सुटलो म्हणून विकून टाकले, आणि त्यानंतर तो शेअर वर गेला. म्हणजे घेताना बातमी वाचून घेतला, विकताना भीती वाटून विकला. कंपनीने काय केलं, याचा दोन्ही वेळा संबंध नव्हता.

"भाचीच्या फीचे पैसे आधी बँकेत वेगळे ठेवा," मी म्हटलं. "ती रक्कम तारखेला लागणार आहे. बाजार तारीख पाळत नाही. उरलेल्याचं सावकाश बघू. आणि घ्यायचेच असले तर थोडे घ्या, चार वर्षांचे ताळेबंद माझ्यासमोर बसून वाचा."

दाजी कात्रणं गोळा करू लागले. जरा हिरमुसले होते. "तसं नाही हो," ते म्हणाले, "वाटलं, आमचा धंदा तर आता कमी कमीच होत जाणार. मग निदान ज्यांचा वाढतोय त्यांच्यात तरी आपलं काहीतरी असावं."

ताई इतका वेळ स्वयंपाकघरात सौ.बरोबर पोह्यांचं बघत होती. ती दारात येऊन उभी राहिली. "त्यांना शेअर-बिअर काही नको आहे," ती म्हणाली. "गाडी हवी आहे त्यांना. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे क्लच केले. आमच्या दारात अजून स्कूटरच."

कुणी काही बोललं नाही. दाजींनी फाइलीचं बटण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमची जुनी विकायची ठरली, तर किती येतील?"

मी त्यांना खरा आकडा सांगितला. पाच वर्षांची झाली की निम्मेही येणार नाहीत, बॅटरीच्या हमीची अजून काही वर्षं शिल्लक आहेत, आणि तुमच्या सोसायटीत वायरीसाठी सभा भरवाव्या लागतील, हेही सांगितलं. ताईने विचारलं, "किती फूट?"

पोहे झाल्यावर दाजींना चावी दिली. ताई पुढे बसली, मी मागे. प्राधिकरणाच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी आवाज न करता निघाली. सिग्नलला थांबताना त्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि रिकाम्या जागेवर दाबला गेला. पुढच्या सिग्नललाही तसाच.